दोन वर्षांसाठी मलावीला सेवेला चाललोय, मुलं साडेपाच आणि दीड वर्षांची. कोणी अनुभव सांगेल का?

निळी_छत्री | 9 जानेवारी, रात्री 11.52

सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मुलं आत्ता कुठं झोपलीत.

आम्ही वानवडीत राहतो. मिस्टर हॉस्पिटलमधली मशीनं दुरुस्त करतात, ऑक्सिजन काँसन्ट्रेटर, ऑटोक्लेव्ह, नवजात बाळांचे वॉर्मर वगैरे, बारा वर्षं हेच काम. गेल्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांमार्फत विचारणा आली की आफ्रिकेत मलावी देशाच्या दक्षिणेला एका मिशन हॉस्पिटलला असा माणूस हवाय, दोन वर्षांसाठी, तिथं मशीनं दान म्हणून येतात आणि एखाद्या छोट्या पार्टसाठी बंद पडून कोपऱ्यात पडून राहतात. हे त्या दिवशी घरी आले ते गप्पच, जेवलेही नाहीत नीट, आणि रात्री म्हणाले की मला वाटतं हे आपल्यासाठीच आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं का बोलू. पण त्याच क्षणी पोटात गोळा आला तो अजून गेलेला नाही.

लेक साडेपाचची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. धाकटा दीड वर्षाचा, अजून दूध ओढतो. निघायचं ऑगस्टमध्ये. पगार नाही, राहायला घर आणि महिन्याला खर्चापुरतं मानधन. पाचारण आम्हाला झालंय, मुलांना कोणी विचारलंय? त्यांना ताप आला तर, त्यांची शाळा बुडाली तर, आणि मोठं झाल्यावर त्यांनी विचारलं की तुम्ही आम्हाला तिथं का नेलंत, तर?

आणि सासूबाई. नाताळच्या करंज्या करताना आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली करंजी पूर्ण केली, कड दुमडली, ताटात ठेवली आणि आत गेल्या. त्यानंतर ह्या विषयावर एक शब्द नाही. नातवाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत एवढंच.

ज्यांनी लहान मुलं घेऊन असं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा. खरं खरं लिहा.

साधी_भाजी | 10 जानेवारी, सकाळी 8.15

ताई राग मानू नका, मनात आलं ते विचारते. मिशनरी म्हणजे तिथल्या लोकांना ख्रिस्ती करायला जाणार का तुम्ही? मी ख्रिस्ती नाही, माझी शाळा मात्र कॅम्पातली, सिस्टरांची, त्यांच्याबद्दल मला आजही माया आहे, म्हणून सरळ विचारतेय.

निळी_छत्री | 10 जानेवारी, दुपारी 2.30

राग कसला, बरं झालं विचारलंत. मलावीत दर चार माणसांत तीन ख्रिस्ती आहेत, तिथं रविवारी चर्चमध्ये आपणच नवखे असणार. मिस्टरांचं काम मशीनचंच, शिवाय तिथल्या दोन मुलांना हाताशी धरून शिकवायचं म्हणजे आम्ही परत आल्यावर काम थांबू नये. मी बालवाडीची शिक्षिका आहे, तिथल्या लहान मुलांच्या वॉर्डात काही करता आलं तर करीन. आम्ही प्रभूसाठी जातोय हे मात्र खरं, ते लपवायचं नाही मला.

शेंगदाण्याचं_कूट | 10 जानेवारी, रात्री 10.05

निळी_छत्री ताई, तुमचा धागा सकाळी वाचला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आम्ही 2022 ते 2024 मलावीत होतो, दक्षिणेलाच, ब्लँटायर शहरापासून गाडीनं दीडेक तासावर. मिस्टर फिजिओथेरपिस्ट. मुलगी गेलो तेव्हा पाच पूर्ण, मुलगा दोनचा. म्हणजे जवळपास तुमचंच घर. त्यामुळे सगळं लिहिते, लांबलं तर लांबलं.

आधी चांगलं. जेवणाची काळजी सोडा. तूर तिथल्या शेतात पिकते, नंदोलो म्हणतात, डाळ आरामात मिळते. शेंगदाणा ढिगानं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी भोपळ्याच्या पाल्याची भाजी आणून दिली आणि त्यात काय होतं, तर दाण्याचं कूट! न्सिंजिरो म्हणतात त्याला. मी ताटलीकडे बघत राहिले, आईच्या हातची चव, आणि तीही एवढ्या लांब. माझं इथलं नाव त्यावरूनच. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीसारखा, मुलांनी चार दिवसांत पोळी विसरून तो खायला सुरुवात केली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबे इतके की झाडाखाली सडा पडतो.

धाकट्याला पाठीशी बांधायला चितेंजे घ्या, म्हणजे दोन वार छापील कापड, तिथल्या सगळ्या बाया त्यातच बाळ बांधतात. मी पुण्याहून महागाचं बेबी कॅरिअर नेलं होतं ते महिन्याभरात कपाटात गेलं. शेजारणीनं मला वाकायला लावलं, बाळ पाठीवर पालथं टाकलं, कापड काखेखालून ओढून छातीवर गाठ मारली, आणि दोन मिनिटांत तो झोपला. जो पुण्यात झोपायला दीड तास घ्यायचा.

आता त्रास. कपडे वाळत घातले की सगळं, अगदी लंगोट, चड्डीचं इलॅस्टिक, शिवणी, सगळं कडक इस्त्री करायचं. तिथं एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते, पुत्सी म्हणतात, अळी कातडीत शिरते आणि गळू येतं. धाकट्याच्या पाठीवर आलं होतं. आम्ही दोन दिवस घामोळं समजत होतो, मग ते हललं. लाईट नसायची बराच वेळ, जानेवारी 2022 च्या आना वादळात कापिचिरा धरणाची मोडतोड झाली होती आणि देशाची जवळजवळ तिसरा हिस्सा वीज तिथूनच यायची, म्हणून कोळशाची इस्त्री शिकले. आपल्या सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्या काकांना इतकी वर्षं बघत होते, ती किती जड असते ते तिथं कळलं.

मग कॉलरा आला. आम्ही गेलो त्याच वर्षी साथ सुरू झाली, देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, सतराशेच्या वर माणसं गेली. जानेवारी 2023 मध्ये ब्लँटायर आणि राजधानी लिलाँग्वेच्या शाळा उशिरा उघडल्या त्यामुळे. एक प्रसंग सांगते, तो मला अजून टोचतो. शेजारच्या आजी मंदासी करून विकायच्या, मंदासी म्हणजे तळलेला गोड गोळा, आपल्या गुलगुल्यासारखा. रोज एक माझ्या लेकीच्या हातात द्यायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. साथ वाढल्यावर मी एक दिवस लेकीच्या हातातून तो काढून घेतला आणि तिच्यासमोर, आजींसमोर, बाजूला टाकला. घाबरले होते हो. आजी काही बोलल्या नाहीत. लेक मात्र त्या रात्री म्हणाली, मम्मा तू म्हणालीस आपण ह्यांच्यावर प्रेम करायला आलोय. मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, गुडघे टेकून बसले आजींपुढे, तिथं माफी मागायची तीच रीत, आणि मोडक्यातोडक्या चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगितलं की मला मुलांची भीती वाटते. त्यांनी माझा हात धरला, त्यांचीही दोन नातवंडं घरात होती, भीती त्यांना माझ्याहून जास्त होती. मग आम्ही दोघींनी मिळून अंगणात नळाची बादली आणि साबण ठेवला, सगळी मुलं हात धुणार, मगच गरम गरम कढईतला मंदासी. माझी लेक पहारेकरी. त्या दिवसापासून आम्ही तिथले झालो असं मी मानते.

मार्च 2023 मध्ये फ्रेडी वादळ. ब्लँटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या, आमच्याकडे पूल वाहून गेला. हॉस्पिटल रात्रंदिवस भरलेलं. मिस्टर सहा दिवस घरी फक्त अंग धुवायला यायचे. आणि इथं मला तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. त्या सहा दिवसांचा मुलांवर काही परिणाम झाला नाही, त्यांना माहीत होतं की मोठं काहीतरी झालंय. परिणाम झाला तो त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचा, जेव्हा वादळ नव्हतं, काही नव्हतं, आणि तरी पप्पा रोज रात्री आठला यायचे कारण नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. हॉस्पिटलात गरज कधी संपत नाही. दारात रोज कोणीतरी उभं असतंच. मुलगा मला विचारायचा की पप्पा कोणाचे आहेत. दोन वर्षांचं पोर!

फ्रेडीनंतर आम्ही ठरवलं, साडेचारला मिस्टर घरी, काहीही असो, इमर्जन्सी सोडून. पाच वाजता म्हणजे पुण्यात साडेआठला आजीला व्हिडिओ कॉल, मग अंगणात खेळ, मग प्रार्थना, झोप. लोकांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट मेट्रन बाई म्हणाल्या की आता तुम्ही माणसासारखे वागताय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. मुलांना न्या. पण जाण्याआधी तुमच्या मिस्टरांकडून तिथल्या प्रमुखांना पत्रात लिहून घ्या की किती वाजता घरी येणार, आठवड्यात सुट्टी कुठली. मलेरियाच्या गोळ्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे.

बालडॉक्टर_कोथरूड | 11 जानेवारी, दुपारी 1.20

वरचा प्रतिसाद फार छान. थोडं वैद्यकीय, बाकी तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांशी बोला.

मलावी स्वतः पिवळ्या तापाचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण विमानं बहुतेक अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात आणि ते देश यादीत आहेत, थांबा लांबला तर कार्ड मागतात, परत भारतात येतानाही विचारतात. त्यामुळे चौघांचीही लस घेऊन पिवळं कार्ड काढाच. नऊ महिन्यांच्या पुढे देता येते, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, एकदा घेतली की कार्ड आता आयुष्यभर चालतं. गोवराचे डोस, टायफॉइड, हिपॅटायटिस ए पूर्ण करा. रेबीजची आगाऊ लस मुलांना द्याच असं मी म्हणेन, लहान मूल कुत्र्यानं चाटलं-ओरबाडलं तर घरी सांगत नाही.

मलेरिया तिथं फाल्सिपेरम, म्हणजे गंभीर जातीचा. प्रतिबंधक गोळ्या मुलांना वजनावर ठरतात, आणि मोठ्यांना चालणारी डॉक्सी आठ वर्षांखाली देत नाहीत, त्यामुळे मोठ्यांचीच गोळी अर्धी करून देणे असले उद्योग नकोत. औषध लावलेली मच्छरदाणी रोज. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, सर्दीचा असेल असं म्हणत उद्यावर ढकलायचं नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात, पुण्याला परत आल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही आफ्रिकेतून आलोय. इथं आपण डेंग्यूच्या मागे लागतो आणि वेळ जातो.

तलावात मुलांना पोहू देऊ नका, बिलहार्झिया असतो, म्हणजे पाण्यातून कातडीत शिरणारे जंत. मलावी लेक फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी.

नगरचा_जुना | 11 जानेवारी, रात्री 9.48

मी वेगळं लिहिणार आहे, माफ करा.

मी सेवकांचा मुलगा. आईवडील नगर जिल्ह्यातले, 1984 साली दुसऱ्या राज्यात आदिवासी भागात गेले, मीही गेलो, तेव्हा सात वर्षांचा. तिथं शाळा नव्हती म्हणून आठव्या वर्षी मला वसतिगृहात ठेवलं, ख्रिस्ती लोकांचंच, चांगली माणसं होती. वर्षातून दोनदा घरी. त्यांचं काम मोठं होतं, आजही त्या गावात लोक वडिलांचं नाव घेतात. मी गेलो होतो गेल्या वर्षी, एका म्हाताऱ्या माणसानं मला मिठी मारून सांगितलं की तुझ्या बापानं माझ्या पोराला खांद्यावर घालून अठरा किलोमीटर नेलं. मी त्या माणसाबरोबर रडलो. पण माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो. मला माझ्या बापानं खांद्यावर घेतल्याचं आठवत नाही.

तुम्ही चाललात त्या भागातल्या ब्लँटायरला हे नाव पडलं ते मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून. त्यानं 1852 मध्ये केपटाऊनहून बायको आणि चार मुलं ब्रिटनला पाठवून दिली, आणि स्वतः आफ्रिकेच्या आत गेला. साडेचार वर्षं. ती बाई तिकडे पोरं घेऊन हलाखीत राहिली. पुढे 1862 मध्ये नवऱ्याकडे परत आली ती झांबेझीच्या काठावर तापानं गेली. सगळ्यात धाकटी मुलगी 1858 ची, तिला त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते 1864 मध्ये. उतारवयात त्यालाही वाईट वाटत होतं की मुलांशी खेळलो नाही. एवढ्या मोठ्या माणसाला.

मी जाऊ नका म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की जाणार असाल तर चौघं एका छपराखाली. शाळा नाही म्हणून लेकीला आजीकडे पुण्यात ठेवू किंवा कुठल्या हॉस्टेलला घालू असा विचार कोणी सुचवला, अगदी पाळकांनी सुचवला, तरी ऐकू नका. आणि दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. पुढे वाढवायचं असेल तर तेव्हा लेक आठची असेल, तिला बसवून विचारा आणि ती नाही म्हणाली तर परत या.

केडगाव_लाईन | 11 जानेवारी, रात्री 11.10

नगरचा_जुना दादा, वाचून गलबलून आलं. दंडवत तुम्हाला.

आपल्याकडचंच एक आठवलं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. बोटीनं, विधवा बाई, तान्ही लेक घेऊन. रमाबाई तिकडे चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या तेव्हा मनोरमा बरेचदा वाँटेजच्या सिस्टरांकडे असायची, आणि तिला काय शिकवायचं कसं वाढवायचं यावरून रमाबाईंनी सिस्टरांशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. उपकाराखाली असूनही सांगितलं की माझ्या मुलीचं मी ठरवणार. स्वतः शाकाहार सुद्धा सोडला नाही तिकडे. पुढे तीच मनोरमा केडगावला मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली, आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली, आई पुढच्या वर्षी. निळी_छत्री ताई, तिथं तुम्हाला इतर देशांतली कुटुंबं भेटतील, त्यांच्या मुलं वाढवायच्या पद्धती वेगळ्या असतील, भिडेखातर काही मान्य करू नका. तुमचं घर तुमचं.

कॅम्पकर | 12 जानेवारी, सकाळी 7.40

पटकन कागदपत्रांचं. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, लेकीचा आधी काढलेला असेल तर तारीख बघा, मधेच संपायला नको, नाहीतर आत्ताच मुंढव्याला अपॉइंटमेंट घ्या. लिलाँग्वेला भारतीय उच्चायुक्तालय आहे, पोचल्यावर नोंदणी करा. देवानं तिथं तिसरं दिलं तर जन्माची नोंद आपल्या उच्चायुक्तालयात एक वर्षाच्या आत करायची, विसरू नका.

फातिमानगरची_आजी | 12 जानेवारी, दुपारी 4.15

माझी सून मला हा धागा वाचून दाखवत होती आणि मी तिला म्हटलं मला लिहायचंय, मी बोलते तू टाईप कर. ती टाईप करतेय.

बेटा निळी छत्री, मी शेंगदाण्याचं कूट हिची सासू. तिनं सगळं लिहिलं, माझं नाही लिहिलं, कारण तिला माहीत नाही. आज सांगते.

मलाही असंच सांगितलं होतं. सांगितलं, विचारलं नाही. मला राग त्याचा होता. मिशनचा नव्हता, आफ्रिकेचा नव्हता. माझे सासरे पंचहौदच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं घंटा वाजवत होते, मला सेवा शिकवायची गरज नाही. पण मला वाटलं, ह्यांनी सगळं ठरवलं, तिकिटाच्या गोष्टी झाल्या, आणि मग मी. जसं काही मी एक सामान आहे जे पुण्यात ठेवून जायचंय.

ते गेल्यावर पहिले तीन महिने मी नातवाचा झबला उशाखाली घेऊन झोपायचे. फोनवर तो दिसायचा पण बोलायचा नाही, पळून जायचा. मग एक दिवस तो स्क्रीनजवळ आला आणि म्हणाला, अगोगो. मला वाटलं तो मला विसरला, कुणाला तरी दुसऱ्याला हाक मारतोय. मी फोन ठेवून दिला. चार दिवस उचलला नाही. मग हिनं मेसेज केला की मम्मी, अगोगो म्हणजे तिकडच्या भाषेत आजी. आजोबा पण अगोगोच. त्याला नवीन शब्द आला तो त्यानं पहिल्यांदा तुम्हाला दिला.

आता तो पाचचा आहे, मला अगोगोच म्हणतो, बिल्डिंगमधली सगळी पोरं मला अगोगो म्हणतात.

तू तुझ्या सासूला सांगू नको. विचार. काय विचारायचं ते तुला कळेल, बाई आहेस. आणि जाताना तिला काहीतरी काम देऊन जा. मला काही काम दिलं नव्हतं. मी नुसती वाट बघत बसले.

शेंगदाण्याचं_कूट | 12 जानेवारी, दुपारी 4.40

टाईप करताना मला दोनदा थांबावं लागलं. चार दिवस फोन का उचलला नाही हे मला आज कळलं. आम्ही तेव्हा समजत होतो की नेटवर्क नाही.

साधी_भाजी | 12 जानेवारी, संध्याकाळी 6.00

अगोगो आजींना साष्टांग. कूट ताई, परत आल्यावर मुलांचं कसं झालं? माझी बहीण दुबईहून परत आली तर तिची मुलं वर्षभर रुळली नाहीत, म्हणून विचारते.

शेंगदाण्याचं_कूट | 13 जानेवारी, रात्री 10.30

हो, ते लिहायचं राहिलंच होतं आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात अवघड गेलं. जाताना सगळे तयारी करवून घेतात, प्रार्थना होते, निरोप समारंभ होतो. येताना काही नाही. आलात? बरं झालं, शाळेत घाला.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी लेकीला वानवडीतल्या वाण्याकडे पाठवलं, मी मागेच होते. त्यानं सुट्टे पैसे पुढे केले आणि ती फरशीवर गुडघा टेकून, दोन्ही हात जोडून पसरून, पैसे घ्यायला वाकली. तिथं मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर मुलं तसंच घेतात, नम्रता म्हणून. दुकानात दोन बायका होत्या त्या हसल्या, वाईट मनानं नाही, पण हसल्या. तिचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानंतर तिनं ते पुन्हा कधी केलं नाही. घरातही नाही. मी आता कधी कधी मुद्दाम तिच्यापुढे तसंच बसून तिच्या हातातून काही घेते, ती लाजते पण आवडतं तिला.

शाळेत पहिले सहा महिने तिला एकही मैत्रीण नव्हती. बाई म्हणाल्या ही गप्प असते. अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात असं नंतर वाचलं, रूथ युसीम नावाच्या अमेरिकन बाईंनी 1950 च्या दशकात हा शब्द काढला आणि तो सुचला तो आपल्या भारतातच, इथं राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. आईबापाची एक संस्कृती, राहतात तिथली दुसरी, आणि मूल त्या दोन्हींच्या मधे स्वतःची तिसरी करतं. वाचून बरं वाटलं, निदान नाव आहे ह्याला.

अभ्यासाचं म्हणाल तर मराठी लिहायचं मागे पडलं. आता महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे परत आल्यावर ते सुटत नाही. बालभारतीची पुस्तकं सेनापती बापट रस्त्यावरून घेऊन जा, पीडीएफ फुकट मिळतात पण लाईट नसताना पीडीएफ काय कामाची. रोज एक पान, मोठ्यानं वाचून. आम्ही आळस केला, तुम्ही करू नका.

आणि तिथून निघताना मुलांना नीट निरोप घेऊ द्या. आम्ही शेवटच्या आठवड्यात सामान बांधण्यात होतो. मंदासीवाल्या आजी त्या दिवशी गावाला होत्या. लेक अजून म्हणते, मी आजींना बाय नाही केलं.

नगरचा_जुना | 13 जानेवारी, रात्री 11.25

ताई, ह्या सुट्टीत तिला त्या आजींशी फोनवर बोलायला द्या. कोणीतरी शेजारी फोन नेऊन देईल तिथं. मी सांगतो म्हणून करा.

शेंगदाण्याचं_कूट | 19 जानेवारी, रात्री 9.00

नगरचा_जुना दादा, केला फोन. मेट्रन बाई स्वतः चालत गेल्या आजींकडे. लेकीला चिचेवा आठवत नाही म्हणत होती, पण आजींचा आवाज आला, "मुली ब्वांजी", म्हणजे तिकडचं कशी आहेस, आणि हिच्या तोंडून सरळ उत्तर बाहेर पडलं. दहा मिनिटं दोघी काय बोलल्या मला निम्मं कळलं नाही. देव तुमचं भलं करो.

निळी_छत्री | 23 फेब्रुवारी, रात्री 11.15

उशीर झाला लिहायला, माफ करा. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवले, नगरचा_जुना दादांचा वाचताना ते उठून बाल्कनीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथल्या हॉस्पिटलला ईमेल केला, साडेचारला घरी आणि शनिवार-रविवार सुट्टी, तातडीचं सोडून. तिकडून चार दिवसांत उत्तर आलं की मान्य आहे, आणि शेवटी लिहिलं होतं की हे आधी कोणी विचारलं नव्हतं.

लेकीला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, आपली मांजर येणार का. मांजर येणार नाही. त्यावर रडणं झालं, ते मी थांबवलं नाही, मांडीवर घेऊन बसले. दुसरा प्रश्न, आजी येणार का.

आणि मग मी सासूबाईंकडे गेले. अगोगो आजींनी सांगितलं तसं, विचारायला. म्हटलं मम्मी, आम्ही अजून तिकीट काढलेलं नाही, तुम्ही नाही म्हणालात तर नाही काढणार, आणि हे मी मनापासून म्हणतेय. त्या भाजी निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत. मी उठले तर म्हणाल्या, बस. मग त्यांनी सांगितलं की त्यांचा एक भाऊ होता, तापानं गेला, तीन वर्षांचा असताना, गावाकडे, आणि त्यांची आई आयुष्यभर म्हणायची की मच्छरदाणी असती तर. हे मला लग्नानंतरच्या नऊ वर्षांत माहीत नव्हतं. ह्यांनाही नाही.

हो किंवा नाही त्यांनी अजून म्हटलेलं नाही. पण काल तुळशीबागेतून जाळीचं कापड घेऊन आल्या आणि मशीन पुसून ठेवलंय. मी सांगितलं की तिथं औषध लावलेली मिळते, डॉक्टरांनी तीच वापरा म्हटलंय, तर म्हणाल्या ती बाहेरून, ही आतून, दोन लावा.

कूट ताई, तिथल्या पलंगाचं माप मिळेल का? सासूबाई विचारतायत की लांबी-रुंदी किती, आणि जाळी चारी बाजूंनी गादीखाली एक वीत तरी आत गेली पाहिजे.

शेंगदाण्याचं_कूट | 24 फेब्रुवारी, सकाळी 6.50

आमच्याकडे मोठा पलंग साडेसहा बाय पाच फूट होता, मुलांचे सहा बाय तीन. तुमचं घर वेगळं असेल, तिकडे विचारून पक्कं करा. पण छताला हूक बहुतेक एकच असतो, मधोमध, त्यामुळे चौकोनी शिवू नका म्हणावं, वर गोल कडं घालून खाली घेर सोडा, आणि घेर भरपूर ठेवा, धाकटा झोपेत गडबडा लोळत असेल तर अंग जाळीला टेकतं आणि डास बाहेरून चावतो. अगोगो म्हणतायत की कडं करायला जुन्या वेताच्या टोपलीची काठी चालते, त्यांच्याकडे आहे, रविवारी उपासनेनंतर घेऊन येते.